तिसऱ्या देशाचा पाहुणा

बालाजी,

मंगळवारी सकाळी साडेदहाच्या बॅचला मी फळ्यावर दोन पोती काढली होती. एकावर एका देशाचं नाव, दुसऱ्यावर दुसऱ्याचं, मध्ये बाण, आणि दोन्हींत तूर तीच. "पोतं बदललं म्हणून तूर बदलत नसती," हे तुझं वाक्य: सवलतीच्या देशाचं पोतं चढवलं तरी माल मूळ देशाचाच. नांदेडच्या या क्लासमध्ये स्पर्धा परीक्षांच्या पोरांना अर्थशास्त्र शिकवायला लागल्यापासून सवलतीच्या व्यापार करारांचा धडा मी याच वाक्याने सुरू करतो. माझा दोस्त दिल्लीत व्यापार खात्यात आहे, परदेशांशी करार करायला जी माणसं बसतात त्यांच्यात तो असतो, आणि तो आपल्या किल्लारीकडचा आहे, असं सांगितलं की मागच्या बाकांवरची मुलंही मोबाईल खाली ठेवतात. त्या दिवशीही ठेवले. मी म्हणालो, "तो असं म्हणतो की..." म्हणतो, असं म्हणालो मी. तेव्हा तुला जाऊन दोन तास झाले होते.

तास संपल्यावर फोन पाहिला तर शैलावहिनींचे सहा मिस्ड कॉल. आठ दिवसांपूर्वी आपलं भांडण झालं होतं, त्यामुळे मला वाटलं, तू वहिनींना मध्यस्थीला घातलंस. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. म्हटलं, आला गडी ताळ्यावर. चहा सांगितला, दोन घोट घेतले आणि मग सावकाश फोन लावला. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले." मी विचारलं, "कुठं?"

कुठं! असं विचारलं मी तुझ्या बायकोला. पण तू कायम कुठेतरी गेलेलाच असायचास रे. बैठकीला गेलेत, विमानतळावर गेलेत, साहेबांकडे गेलेत. वहिनींना बोलता येईना. मग मागून कुणीतरी हिंदीत सांगितलं की सकाळी दाढी करताना तू कोसळलास, दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी 'अच्छा, अच्छा' म्हणत होतो. फोन ठेवला आणि उरलेला चहा पिऊन टाकला. त्यात साखर होती. मधुमेह मला आहे, तुला नाही. साखरेवरून ओरडा मी खायचो, तुझा. मग आधी तू कसा जाशील? हा प्रश्न मी आजही कुणालातरी विचारायच्या बेतात असतो, आणि तो कुणाला विचारायचा हे मात्र समजत नाही.

तुझं गाव आणि माझं गाव यांच्यामध्ये एक ओढा. उन्हाळ्यात तर तोही नसायचा. त्र्याण्णवच्या भूकंपात तुझं गाव गेलं. तुझे अण्णा गेले, धाकटी मीरा गेली, माय आणि तू राहिलात. आमच्या गावाला घरं फाटली, भिंती वाकल्या, पण माणूस कुणी गेलं नाही. तुझं गाव सरकारच्या यादीत आलं, आमचं आलं नाही. आमच्या मागच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली होती. ती बघायला आलेला साहेब म्हणाला, "ओढ्याच्या अलीकडं यादी संपते." माझी आई त्या भेगेत दिवा ठेवायची. यादीत नाव नाही म्हणून रडावं, की सगळी जिवंत आहेत म्हणून देवाचे आभार मानावेत, हे तिला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

पुढच्या वर्षी आपण दोघं अकरावीला लातूरला आलो. तेव्हाच लातूरला शिकायला येणाऱ्या पोरांचा लोंढा सुरू झाला होता. ज्याच्या घराला जिना होता त्याने जिन्याखालीसुद्धा पोरं ठेवली होती. तुझ्याकडे भूकंपग्रस्ताचा दाखला होता, तुला वसतिगृहात राखीव खाट मिळाली. माझ्याकडे काहीच नव्हतं. मी परत निघालो होतो, एसटी स्टँडवर ट्रंकेवर बसून होतो. तू शोधत आलास. ट्रंकेची एक कडी धरलीस आणि म्हणालास, "चल. खाट एकच हाय, पण लांब हाय."

दोन वर्षं आपण त्या खाटेवर उलट-सुलट झोपलो. तुझे पाय माझ्या कानाशी आणि माझे तुझ्या. वसतिगृहाचा नियम होता की पाहुण्याला तीन दिवस ठेवता येईल. रेक्टरांच्या टेबलावर पाहुण्यांची वही असायची, तीत नाव, मूळ गाव आणि नातं लिहायचं. दर चौथ्या दिवशी सकाळी तू ती वही ओढायचास आणि मला नव्याने पाहुणा करायचास. कधी मी तुझा मावसभाऊ असायचो, कधी आत्तेभाऊ. एकदा घाईघाईत तू मला तुझा 'जावई' लिहिलंस. आणि मूळ गावाच्या रकान्यात प्रत्येक वेळी स्वतःच्याच गावाचं नाव.

रेक्टर सर काही दूधखुळे नव्हते. एकदा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"बालाजी, ह्यो पाहुणा कधी जाणार हाय?"

"जाईल सर. परीक्षा झाली की जाईल."

"कंची परीक्षा?"

"बारावीची, सर."

तेव्हा आपण अकरावीच्या पहिल्या सहामाहीत होतो. सरांनी वही पुढे ओढली. मग सही केली आणि म्हणाले, "पाहुणा जेवला का?" त्या दिवसापासून तू मला 'पाहुण्या' म्हणायला लागलास. मेसच्या दारात उभा राहून ओरडायचास, "पाहुण्या, जेवलास का?" आणि तुझ्या एका ताटात आपण दोघं बसायचो. बारावी झाली, मी त्या खाटेवरून उठलो, आणि त्यानंतर हा शब्द तू कधी उच्चारला नाहीस. मी पदवीधर झालो, क्लासमध्ये लागलो, लोक मला सर म्हणायला लागले, आणि तूही चारचौघांत सर म्हणायचास. माझी फजिती कुणासमोर करायची नाही, एवढं भान तुला लहानपणापासून होतं. मला नव्हतं.

माझ्या भावाच्या, मारुतीच्या लग्नात तू दिल्लीहून आला होतास. नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. पंगत बसली होती आणि मी तुला विचारलं की तुमच्या खात्यात नक्की करतात तरी काय. तू बुंदीच्या बुट्टीकडे बोट केलंस. "सगळ्या जगाला एका पंगतीत बसवून सारखं वाढायचं, ह्यो मोठा नियम. सवलतीचा करार म्हंजे व्याह्याच्या पानात आधी तूप. बाकीचे बघून राहतात. मंग त्येनला पण वाटतं, आपली बी कुठं सोयरीक जमावी."

"आणि आपला देश?"

"आपण लई दिवस भीत होतो. सोयरीक केली की घरात माणूस शिरतो ना. म्हणून आधी बारके बारके करार, मोजक्या मालाचे. आन् सवलतीतून वगळायच्या मालाची यादी ही एवढी लांब. आता बाकीच्यांच्या आपसात सोयरिकी झाल्या आन् आपण मांडवाबाहेर राहिलो तर काय, ह्याची भीती वाटून राहिली."

मग तू मला सांगितलंस की श्रीमंत देशापुढे बसलं की आपण म्हणायचं, आम्ही मागे राहिलेले, आम्हाला मुदत जास्त द्या, आमचं दार जरा हळू उघडू द्या. आणि आपल्याहून गरीब देश समोर आला की आपण थोरला भाऊ, मग दार आधी आपण उघडायचं, त्याच्याकडून तेवढंच मागायचं नाही. मी म्हणालो, एकाच तोंडाने दोन्ही कसं बोलता रे? तू हसून लोटपोट झालास. "त्येच तर शिकून राहिलोय," म्हणालास. आज वर्गात मी जे शिकवतो त्यातलं निम्मं त्या पंगतीतलं आहे, आणि ते पुस्तकातलं असल्यासारखं मी पोरांना लिहून देतो.

पुढे आपलं भांडण सुरू झालं ते याच थोरल्या भावावरून. गरीब देशांची तूर आपल्याकडे शुल्क न भरता येते, ती आली की लातूरच्या बाजारात भाव बसतो आणि मारुती तोंड पाडून घरी येतो. मी फोन करायचो, तू ऐकून घ्यायचास. मग म्हणायचास, "तिकडं ती तूर कुणी खात न्हाई, दत्ता. आपल्यासाठीच पेरतात. आपण दार लावलं तर पोत्यात तशीच सडती." मी म्हणायचो, सडू दे. तू म्हणायचास, "सडू दे म्हणायला सोपं हाय." पुन्हा सगळं सुरू.

एकदा तू म्हणालास की आपला खरा माल म्हणजे पोरं. लातूर-नांदेडनं डॉक्टर, इंजिनिअर आणि नर्सा पिकवायला काढल्यात, बैठकीत आम्ही म्हणतो की आमच्या माणसांना तुमच्याकडं येऊ द्या, तर ते म्हणतात, मग आमचं तेल, आमची डाळ घ्या. काहीतरी दिल्याशिवाय मिळत नाही. मी चिडून म्हणालो, "म्हणजे फायदा शिकवणीवाल्यांचा आणि मरण मारुतीचं?" तू शांतपणे म्हणालास, "तू बी शिकवणीवालाच हाय की." त्यावर मी फोन आपटला. फोन आपटायचा तो नेहमी मीच.

आता त्या भाषणाचं. तुझ्याशी बोलायला बसलोय तर ते टाळून चालणार नाही.

लातूरला एका कार्यालयात शेतमालाच्या भावावर परिसंवाद होता. मला बोलावलं होतं, हॉल भरलेला, पुढे मारुती बसलेला. टाळ्या मिळायला लागल्या तसा मी चढत गेलो. आणि म्हणालो, "करार करायला बसतात त्यांच्यात आपलाच एक माणूस आहे. भूकंपाच्या यादीतून वर गेला, सवलतीवर शिकला, आणि आज आपल्याच माणसांना विसरला." नाव घेतलं नाही, पण त्या हॉलमध्ये ते कुणाला कळलं नसेल? टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी तेवढाच तुकडा कापून मोबाईलवर फिरवला. तो दिल्लीपर्यंत जाणार हे मला माहीत होतं. जावा असंच मला वाटत होतं.

तू त्याच संध्याकाळी फोन केलास. "ऐकलं भाषण," म्हणालास. "आवाज बसलाय तुझा. गरम पाणी पी." बस, एवढंच. तुला राग आला असता तर मी निभावून नेलं असतं. तू रागावला नाहीस म्हणून मलाच जास्त राग आला. मी सुटलो. म्हणालो, "आपलंच आपल्याला पुरत नाही, परक्याला कशाला वाटा देता? ज्याचं नाव यादीत नाही त्याला आत घेताच का? त्याच्या पोत्यातून तिसऱ्याच देशाचा माल शिरतो, मूळ देशाचा खोटा दाखला लावून शिरतो. आणि तुम्ही सह्या करता. पोतं बदललं म्हणून तूर बदलत नाही, हे तूच शिकवलंस ना मला?"

मग तू म्हणालास, "पाहुण्या, जेवलास का?"

तीस वर्षांनी तो शब्द आला, आणि मला कळला नाही, बालाजी. मला वाटलं, उत्तर नाही म्हणून विषय बदलतोय. मी फोन कापला. वर मेसेज टाकला, "विषय बदलू नको." तुला तो मिळाला, तू वाचलास, दोन्ही खुणा निळ्या झाल्या. तू वाचलेलं माझं शेवटचं वाक्य ते आहे. मी रोज ते उघडतो. त्याच्या खाली काहीतरी येईल असं अजून वाटतं.

दिल्लीतच तुझं सगळं उरकलं. दहाव्याला मी गावी आलो, भूकंपानंतर नव्या जागी वसवलेल्या तुमच्या गावात. एकसारख्या घरांच्या रांगा, आणि तुमच्या घराच्या दाराला मायने अजूनही निळाच रंग दिलेला. चुकायला नको म्हणून. वहिनी आत बायकांत बसल्या होत्या. माय ओसरीवर होती. ती रडत नव्हती. आल्यागेल्याकडे ती असं बघत होती की हे सगळे इथे कशाला जमलेत ते कुणीतरी तिला सांगावं. अण्णा आणि मीरा गेले तेव्हा ती आख्खं गाव ऐकेल असं रडली होती, असं लोक सांगतात. या वेळी तिच्या तोंडून आवाजच निघाला नाही.

मी शेजारी बसलो. तिने माझा हात ओढून मांडीवर घेतला.

"दत्तू, तू त्येचा फोन कापला व्हता म्हनं."

मी म्हणालो, "हाव, माय."

"मला सांगितलं त्येनं. त्याच रोजी फोन आलता."

"रागावला होता का?"

"न्हाई. हसून राहिला व्हता. म्हनला, दोन वर्सं खाटंवर त्येच्या लाथा खाल्ल्या, आता फोनवर खाऊन राहिलो." तिने माझा हात थोपटला. "म्हनला, दत्त्या चिडला की जेवत न्हाई. म्हनून इचारलं तर फोनच ठिवला."

तिने पदराने तोंड पुसलं आणि आत हाक मारून ताट मागवलं. मी नको म्हणालो. ती म्हणाली, "जेव. त्येनं इचारलं व्हतं न्हवं?"

वरणभात होता. तुरीचंच वरण. मी पहिला घास तोंडात घातला आणि तो गिळताना माझ्या ध्यानात आलं की इतक्या वर्षांच्या आपल्या भांडणात तुझ्याकडे एक वाक्य कायम तयार होतं. यादीत नाव नसलेला मीच होतो. खोट्या मूळ गावावर, तुझ्या दाखल्याच्या आडून आत शिरलेला तिसऱ्या देशाचा माल मीच होतो. माझी बारावी, माझी पदवी, तो फळा, लातूरच्या हॉलमधल्या टाळ्या, सगळं त्या खाटेवरून सुरू झालं. "तुझं नाव तरी कुठं यादीत होतं?" एवढंच म्हणायचं होतंस. मी गप्प झालो असतो, जन्माचा गप्प झालो असतो. मी भर सभेत तुझी सवलत काढली आणि तू माझी काढली नाहीस. अगदीच तोंडाशी आली असेल तेव्हा 'पाहुण्या' म्हणालास, आणि त्यातही माझ्या जेवणाचीच काळजी केलीस. की तेवढंच होतं ते, नुसती जेवणाची चौकशी? आता मला कोण सांगणार?

तूर वगळायच्या यादीतच हवी होती, असं मी अजूनही म्हणतो. मारुतीकडे बघून म्हणतो. तू गेलास म्हणून मी ते मागे घेणार नाही, आणि घेतलं असतं तर तुलाच आवडलं नसतं. पण भाषणातलं ते वाक्य मागे घेतो. तुझ्या मायसमोर घेतलं, ओसरीवर, लोक बघत असताना. तिला सगळं कळलं असं नाही. ती म्हणाली, "बरं बरं, भात घे अजून."

सोमवारी तोच धडा पुढे घ्यायचा आहे. दोन पोती पुन्हा काढेन. या वेळी त्यांच्या शेजारी एक खाटही काढणार आहे, आणि पोरांनी विचारलं की सर ही कशाला, तर सांगणार आहे, सगळं सांगणार आहे, एसटी स्टँडपासून. सांगताना 'तो म्हणायचा' असं म्हणावं लागेल. ते जमेल की नाही, माहीत नाही.

त्या दिवशी ओसरीवर मी ताट पुसून जेवलो. मायने पाणी दिलं. परत येताना जीपमध्ये आपले मेसेज उघडले, माझ्या त्या वाक्याखालची रिकामी जागा बघितली, आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर लिहून पाठवून दिलं. खूण एकच आली आहे, ती निळी होणार नाही हे मला कळतं.

हाव, बालाजी. पाहुणा जेवला.